इन्शुलिन मिळाले, पुढे काय?

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ असते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रा. मॅक्लिओड यांनी प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन दिले, जेम्स कॉलिप यांनी स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. मुलगा वाचला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळाले. पाठ्यपुस्तकातली गोष्ट येथे संपते.

खऱ्या जीवनात ती येथे सुरू होते. इन्शुलिन टोचून घेतलेला मुलगा रुग्णालयातून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने किती खायचे? तो खेळला, धावला तर मात्रा कमी करायची का? ताप आला तर? हे प्रश्न सोडवण्यासाठी डॉक्टर रोज घरी येणार नव्हते. या प्रश्नांची उत्तरे कोणी आणि कशी शोधली, ती सर्वांपर्यंत कशी पोहोचली, हा विज्ञानाच्या इतिहासाचा फारसा न शिकवला जाणारा भाग आहे. त्यात रुग्णांनी चालवलेल्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे. तिची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

रोजचे गणित

निरोगी माणसाचे स्वादुपिंड रक्तातील साखरेवर सतत लक्ष ठेवून असते. जेवण झाले की इन्शुलिन जास्त स्रवते, उपास घडला की कमी. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनला ही अक्कल नसते. एकदा टोचले की ते आपले काम करीत राहते, मग माणूस जेवलेला असो वा नसो. साखर फार वाढली तर शरीर हळूहळू पोखरले जाते, आणि फार उतरली तर काही मिनिटांत घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी येते. इन्शुलिनची मात्रा, खाल्लेले अन्न आणि केलेले श्रम या तीन राशींचा मेळ रोज घालावा लागतो, आणि तो रुग्णालाच घालावा लागतो.

म्हणजे हा रोग रुग्णाकडून केवळ आज्ञापालनाची अपेक्षा करीत नाही. त्याला मोजमाप, नोंद आणि निर्णय या तिन्ही गोष्टी कराव्या लागतात. आपण ज्याला वैज्ञानिक पद्धत म्हणतो तिचीच ही घरगुती आवृत्ती आहे. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी हे लवकर ओळखले होते. रुग्णांसाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका १९१८ मध्ये, म्हणजे इन्शुलिनच्याही आधी, प्रसिद्ध झाली होती. परंतु चांगला डॉक्टर रुग्णांना शिकवतो ही एक गोष्ट, आणि रुग्ण एकत्र येऊन स्वतःची संस्था उभी करतात ही दुसरी. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याला लंडनला गेले पाहिजे.

स्वतःच रुग्ण असलेला डॉक्टर

रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स यांचा जन्म १८९२ चा, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचा. पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानच्या सरहद्दीवर होते. तेथे आमांशाने आजारी पडून १९१९ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया शिकत होते. १९२० मध्ये सरावासाठी हाडावर छिन्नी चालवताना हाडाचा एक कपचा उडून त्यांच्या डोळ्यात गेला. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला, आणि त्या निमित्ताने केलेल्या तपासणीत त्यांना तीव्र मधुमेह असल्याचे आढळले. वय होते २८.

त्या काळी मधुमेहावर एकच उपाय होता, तो म्हणजे जवळजवळ उपाशी राहणे. रुग्ण त्यामुळे काही महिने, फार तर काही वर्षे जास्त जगे, पण हाडांचा सापळा होऊन. शल्यविशारद होण्याचा विचार लॉरेन्स यांनी सोडून दिला. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरायला नको म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्सला गेले आणि तेथील इंग्रज वस्तीत वैद्यकी करू लागले. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांची प्रकृती फारच ढासळली. अशा वेळी किंग्ज कॉलेज रुग्णालयातील जीवरसायनतज्ज्ञ जी. ए. हॅरिसन यांचा निरोप आला. इन्शुलिन मिळाले आहे, ते लागू पडते आहे, ताबडतोब निघा, असा त्याचा आशय होता. अत्यंत अशक्त अवस्थेत मोटारीने युरोप ओलांडून लॉरेन्स लंडनला पोहोचले. ३१ मे १९२३ रोजी त्यांना इन्शुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. त्यानंतर ते ४५ वर्षे जगले.

पुढे त्याच रुग्णालयातील मधुमेह विभाग त्यांनी नावारूपाला आणला. १९२५ मध्ये त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक निघाले. ते डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी लिहिलेले होते. आहाराचे गणित सोपे व्हावे म्हणून त्यांनी एक तक्ता तयार केला होता. त्यात काळ्या अक्षरांत पिष्टमय पदार्थांचे वाटे आणि तांबड्या अक्षरांत प्रथिने व स्निग्ध पदार्थांचे वाटे दिलेले असत. एक काळा आणि एक तांबडा वाटा मिळून एक ओळ. डॉक्टरांनी ‘रोज इतक्या ओळी’ एवढेच सांगायचे, बाकीची निवड रुग्णाने करायची. ज्याला कर्बोदके म्हणजे काय हे ठाऊक नाही, तोही या तक्त्यावरून आपले जेवण बेतू शकत असे. शिकवणे म्हणजे काय याचा हा नमुना शिक्षकांनी जरूर पाहावा.

मोजमाप कसे होत असे? अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी बेनेडिक्टची चाचणी करतात. मोरचूद, सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सायट्रेट यांचे निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात शर्करा असलेले द्रावण टाकून उकळायचे. शर्करा जसजशी जास्त, तसतसा रंग निळ्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. हीच चाचणी हजारो घरांत रोज होत असे. पाच घनसेंटिमीटर द्रावण, आठ थेंब लघवी आणि स्पिरिटचा दिवा. आज बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रावर आकडा वाचणारा मुलगा त्या परीक्षानळीचाच वारस आहे.

मात्रेचे गणितही सोपे नव्हते. इन्शुलिन निरनिराळ्या तीव्रतेचे मिळे. ब्रिटनमधील पिचकारीवर एका घनसेंटिमीटरला २० खुणा असत. ४० एककांचे इन्शुलिन असेल तर एक खूण म्हणजे दोन एकके, ८० चे असेल तर चार. बाटली बदलली आणि हिशेब बदलायचा राहिला तर मात्रा दुप्पट होई. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये सर्वत्र १०० एककांचे इन्शुलिन आले, तेव्हा हा घोटाळा मिटला. आपल्याकडे ४० आणि १०० या दोन्ही तीव्रता अजून बाजारात आहेत. १०० चे इन्शुलिन ४० च्या पिचकारीत भरले तर मात्रा अडीचपट होते, हे ते वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माहीत असले पाहिजे.

एका लेखकाचे पत्र

लॉरेन्स यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत एक प्रसिद्ध नाव होते. ‘द टाइम मशीन’ आणि ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबऱ्यांचे लेखक एच. जी. वेल्स. त्यांना उतारवयात मधुमेह झाला होता. वेल्स हे लेखक होण्यापूर्वी शाळामास्तर होते आणि टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेले होते, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. त्यांचे पहिले पुस्तकही जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तकच होते, १८९३ मधले.

किंग्ज कॉलेज रुग्णालयातील मधुमेह विभागाला पैसा हवा होता. वेल्स यांनी ‘टाइम्स’ वृत्तपत्रातून आवाहन केले आणि त्याला चांगला प्रतिसाद मिळाला. त्यातून पुढची कल्पना निघाली. मधुमेही माणसांनी एका रुग्णालयापुरता विचार का करावा? त्यांनी एकत्र येऊन सर्वांसाठी संस्था का काढू नये? १९३४ मध्ये वेल्स यांच्या लंडनमधील बेकर स्ट्रीटवरील घरी मंडळी जमली आणि ‘डायबेटिक असोसिएशन’ स्थापन झाली. वेल्स अध्यक्ष झाले. कार्यकारी मंडळाची सूत्रे लॉरेन्स यांच्याकडे आली.

मधुमेहींची ही जगातील पहिली संस्था नव्हे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला डॉ. अर्नेस्तो रोमा यांनी १९२६ मध्येच एक संस्था काढली होती. गरीब रुग्णांना इन्शुलिन मिळवून देणे हा तिचा मुख्य हेतू होता. लंडनच्या संस्थेचे वेगळेपण असे की ती दात्यांनी रुग्णांसाठी चालवलेली संस्था नव्हती. गरीब असो वा श्रीमंत, कोणीही मधुमेही तिचा सभासद होऊ शकत होता. एकमेकांना मदत, ज्ञानाचा प्रसार आणि योग्य उपचारांसाठी प्रयत्न ही तिची उद्दिष्टे होती. शिवाय तिच्यात रुग्ण आणि डॉक्टर एकाच मंडळात बसत. लॉरेन्स तर एकाच वेळी दोन्ही होते.

ही रचना आज साधी वाटते. पण रुग्णाने विचारू नये आणि डॉक्टरांनी सांगू नये अशी त्या काळची रीत होती. तिच्यात हे बसणारे नव्हते. रुग्णांच्या हाती पिचकारी आणि मात्रा ठरवण्याचा अधिकार देणे काही डॉक्टरांना धोक्याचे वाटणे स्वाभाविक होते. दुसरीकडे, आपला रोग जाहीर झाला तर नोकरी जाईल ही रुग्णांची धास्तीही खोटी नव्हती. वेल्स यांच्यासारख्या जगप्रसिद्ध माणसाने आपण मधुमेही असल्याचे उघड सांगितले, याचे मोल म्हणूनच फार होते.

संस्था चालते कशी

संस्था काढणे एक वेळ सोपे, चालवणे अवघड. या संस्थेने काय केले ते पाहू.

१९३५ मध्ये तिने ‘द डायबेटिक जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले. गावोगाव एकटे पडलेल्या रुग्णांना जोडणारा हा पहिला धागा. १९३९ पासून गावोगाव स्थानिक मंडळे निघू लागली, म्हणजे छापील शब्दाला समोरासमोरच्या भेटीची जोड मिळाली. मधुमेही मुलांसाठी सुट्टीतील शिबिरे भरू लागली. ज्या मुलाला आपल्या वर्गात, किंबहुना आपल्या गावातही आपल्यासारखा दुसरा कोणी दिसत नाही, त्याने एकदम वीस मुले सकाळी रांगेत बसून सुई टोचून घेताना पाहणे, हे शंभर उपदेशांहून परिणामकारक असते.

दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये शिधावाटप सुरू झाले. सर्वांना सारखा शिधा हा न्याय खरा, पण मधुमेह्याला साखरेच्या वाट्याचा उपयोग काय? संस्थेने सरकारशी बोलणी केली. मधुमेह्यांनी साखरेवरचा हक्क सोडावा आणि त्याऐवजी त्यांना मांस व स्निग्ध पदार्थ जास्त मिळावेत अशी व्यवस्था झाली. एकट्यादुकट्या रुग्णाने अर्ज केला असता तर तो कोठल्या टेबलावर पडून राहिला असता कोण जाणे. संघटनेचा उपयोग तो हा.

याच सुमारास, १९३६ मध्ये, लंडनचेच हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की सर्व मधुमेही एका प्रकारचे नसतात. काहींच्या शरीराला इन्शुलिनच कमी पडते, तर काहींचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. आजच्या भाषेत पहिला आणि दुसरा प्रकार. गंमत अशी की तरुणपणी एकाएकी आजारी पडलेले लॉरेन्स आणि उतारवयात मधुमेही झालेले वेल्स यांचे रोग या हिशेबाने निराळे होते. संस्था मात्र एकच होती. शास्त्रातील वर्गीकरणाची वाट न पाहता रोजच्या अडचणींच्या नात्याने माणसे एकत्र आली होती.

१९५० मध्ये निरनिराळ्या देशांतील संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन केला आणि लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये मूळ संस्थेचे नाव ‘ब्रिटिश डायबेटिक असोसिएशन’ असे झाले आणि २००० पासून ती ‘डायबेटिस यूके’ या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांनी ‘डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन केली. तिची सुरुवात एका डॉक्टरच्या पुढाकाराने झाली, हा लंडनहून असलेला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तीन हजार पत्रे

एवढ्यावर थांबलो तर ही केवळ गौरवगाथा होईल. या इतिहासात एक कडू प्रकरणही आहे, आणि आमच्या मते शिकण्यासारखे सर्वांत जास्त तेथेच आहे.

सुरुवातीची साठ वर्षे इन्शुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. डुकराचे इन्शुलिन मानवी इन्शुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे असते, गाईचे तिनांनी. १९८२ मध्ये जनुक-अभियांत्रिकीने जिवाणूंकडून तयार करून घेतलेले ‘मानवी’ इन्शुलिन बाजारात आले आणि काही वर्षांतच बहुसंख्य रुग्णांना त्यावर नेण्यात आले. शास्त्रीयदृष्ट्या ही मोठी प्रगती होती. पण ब्रिटनमधील काही रुग्ण तक्रार करू लागले की साखर उतरण्यापूर्वी घाम आणि थरथर यांची जी सूचना मिळत असे ती आता मिळत नाही, एकदम शुद्ध हरपते. संस्थेकडे अशी सुमारे ३,००० पत्रे आली.

संस्थेने या पत्रांचा अभ्यास करवून घेतला, पण त्याचा अहवाल प्रसिद्ध केला नाही. १९९९ मध्ये वृत्तपत्रांतून ही गोष्ट बाहेर आली. तोपर्यंत, १९९४ मध्येच, नाराज रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ‘इन्शुलिन डिपेंडंट डायबेटिस ट्रस्ट’ ही वेगळी संस्था काढली होती. रुग्णांनी उभारलेली संस्था मोठी झाली, आणि आपले ऐकले जात नाही म्हणून रुग्णांनाच दुसरी संस्था काढावी लागली.

खरे कोणाचे होते? तुलनात्मक चाचण्यांमध्ये दोन्ही इन्शुलिनांत लक्षणीय फरक बहुधा दिसला नाही. शिवाय रोग जुना झाला किंवा साखर फार काटेकोर ठेवली तरी या सूचना बोथट होतात, हेही माहीत आहे. तेव्हा तक्रारींचे कारण दुसरेही असू शकते. पण त्या चाचण्यांत मोजले गेले ते मुख्यतः रक्तातले आकडे. रुग्णाला रोज काय वाटते, कसे जगता येते, हे त्यांत फारसे मोजलेलेच नव्हते. जे मोजले नाही ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार विज्ञानाला नाही.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे ‘मला गुण आला’ किंवा ‘मला त्रास झाला’ या वाक्याला पुरावा मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. एका माणसाच्या अनुभवात योगायोग किती आणि कारण किती हे सांगता येत नाही. परंतु ३,००० पत्रे हा पुरावा नसला तरी तो प्रश्न नक्कीच आहे, आणि प्रश्न दडपणे हा विज्ञानातला सर्वांत मोठा दोष आहे. अनुभवाने प्रश्न विचारायचा आणि चाचणीने उत्तर द्यायचे, ही वाटणी दोन्ही बाजूंनी पाळली पाहिजे.

ती पाळली तर काय होते याचे उदाहरणही याच संस्थेच्या इतिहासात आहे. जर्मनीत विकसित झालेल्या एका पद्धतीत रुग्णांना पाच दिवसांच्या वर्गात असे शिकवत, की ठरलेल्या मात्रेला जुळेल असे खाण्याऐवजी, जे खायचे त्याला जुळेल अशी मात्रा स्वतः ठरवा. ब्रिटनमध्ये १६९ प्रौढांवर तिची रीतसर चाचणी झाली, आणि तिला पैसा पुरवला तो डायबेटिस यूकेने. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकलेल्या रुग्णांचे साखरेवरचे नियंत्रण सुधारले, साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रमाण वाढले नाही आणि रुग्णांचे जगणे अधिक मोकळे झाले. लॉरेन्स यांचा काळा-तांबडा तक्ता ज्या विश्वासावर उभा होता, त्याच विश्वासाला आता आकड्यांचा आधार मिळाला.

आपल्या गावात

मधुमेह, दमा, अपस्मार, थॅलेसेमिया अशा दीर्घकाळ चालणाऱ्या रोगांसाठी रुग्णांचे मंडळ काढावे असे कोणाच्या मनात आले, तर या इतिहासातून चार गोष्टी घेता येतील. पहिली, मंडळात डॉक्टर असावेत, पण सूत्रे केवळ त्यांच्या हाती नसावीत. दुसरी, लिहिणे आणि भेटणे दोन्ही हवे. नुसते पत्रक माणसाला धीर देत नाही, आणि नुसत्या गप्पांतून चुकीची माहितीही पसरते. तिसरी, पैसा कोठून येतो हे सभासदांना उघड सांगावे. औषध विकणाराच खर्च उचलत असेल तर औषधाबद्दलच्या तक्रारी ऐकणे अवघड होते. चौथी, आलेली प्रत्येक तक्रार नोंदवावी आणि नोंदवही सर्वांना खुली असावी.

शाळेलाही यात जागा आहे. वर्गात इन्शुलिन घेणारा विद्यार्थी असेल तर त्याला तासाच्या मध्येही खाण्याची मुभा द्यावी. तो एकाएकी घामाघूम झाला, चिडचिडा किंवा गोंधळलेला दिसला, तर ते खोडकरपणाचे लक्षण समजू नये. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे, एकटे घरी पाठवू नये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. एवढे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवे. आणि बेनेडिक्टची चाचणी शिकवताना, निळ्याचा विटकरी रंग होत असताना, ही परीक्षानळी एके काळी किती घरांत रोज तापत होती, हे मुलांना अवश्य सांगावे.